लिंबाच्या ढोलीचा गिलावा

पीटर बोर्डे लग्नाला गेला तरी आधी मांडवामागच्या भिंतीकडे बघतो आणि मग नवरानवरीकडे. भिंतीला चीर दिसली की त्याचं जेवणात लक्ष लागत नाही. पोरीसाठी स्थळ बघायला पुणतांब्याला गेला होता, तेव्हा पाहुण्यांनी पोह्यांची बशी पुढे केली, तर हा गडी उठून खिडकीखालच्या भेगेत करंगळी घालून बघत होता. "गिलाव्याला पानी कमी मारलंय," असं त्याने होणाऱ्या व्याह्यांच्या तोंडावर सांगितलं. स्थळ तरीही जमलं. व्याह्यांना स्वतःलाच ती भेग बरीच वर्षं सलत होती, आणि साखरपुड्याच्या आधी पीटरने ती बुजवून दिली. लेक एंजेला त्या घरात सुखाने नांदते आहे आणि त्या भिंतीला अजून केसाएवढीही चीर पडलेली नाही.

पीटर गवंडी आहे. शेवगावात राहतो, पण त्याची थापी पार पाथर्डीच्या डोंगरापर्यंत फिरते. देवळाचा ओटा, चर्चची पायरी, दर्ग्याची कमान, शाळेचं पाण्याचं टाकं, सगळ्यांवर त्याचा हात फिरलेला आहे. नाव मात्र कुठेच नाही. आपल्याकडे नाव घालायची हौस केवढी! देवळातल्या पंख्याच्या तिन्ही पात्यांवर देणाऱ्याचं नाव असतं, बाकड्यावर असतं, आणि स्मशानातल्या शेडवर तर अख्खी ग्रामपंचायत असते. भिंत ज्याने बांधली त्याचं तेवढं नसतं. पीटर यावर कधी बोलायचा नाही, पण कुठेही कोनशिला दिसली की ती शेवटच्या ओळीपर्यंत वाचायचा. त्याची बायको कृपा मागे मोटारसायकलवर बसलेली असायची.

"सापडलं का?" ती विचारायची.

"काय?"

"तुमचं नाव."

मग पीटर किक मारायचा.

म्हणून आंबरखिंडच्या हनुमंत मुकादमाचा फोन आला, तेव्हा पीटरचे पाय जमिनीवर ठरेनात. हनुमंत ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्यांना पुरवतो, आणि गावच्या जत्रा कमिटीचा अध्यक्षही तोच. दिवाळी झाली की अर्धं गाव कोयते घेऊन ऊस तोडायला जातं. चैत्रात सटवाईची चार दिवसांची जत्रा असते, तेव्हा सगळे परत येतात, आणि गाव पुन्हा गावासारखं दिसतं. त्या चार दिवसांत कमिटीने काय केलं हे दाखवायला हनुमंतला काहीतरी भरभक्कम हवं होतं.

"मिस्तरी, सटवाईच्या बनातल्या मोठ्या झाडांना पार बांधायचेत. फरशीचे, एकदम टकाटक," तो म्हणाला. "आन् झाडांच्या ढोल्या बुजवायच्या. पोकळ झाडं जत्रंत कुनाच्या डोक्यावर पडाय नगं. मेन पारावर काळा दगड बसवू. त्याच्यावर तुमचं नाव."

"माझं?"

"मंग काय माझं? माझं वरती, मोठ्या अक्षरात. खाली तुमचं. बांधकाम, पीटर बोर्डे."

पीटरने फोन ठेवला आणि कृपाला दोनदा सांगितलं. तिने दोन्ही वेळा नव्याने ऐकल्यासारखं केलं.

आंबरखिंडच्या वरच्या अंगाला डोंगराच्या कुशीत ते बन आहे. भोवतालचं रान उघडंबोडकं, शेळीनेही नाक मुरडावं असं, आणि त्याच्या मधोमध हा गार, गडद तुकडा. तिथे कुऱ्हाड चालत नाही. वाळकी काटकीसुद्धा चुलीसाठी उचलायची नाही. माणसं बाहेर येताना वहाणा झटकतात, कारण तळव्याला चिकटून एखादं पानही सटवाईचं घरी जायला नको. त्यामुळे तिथे जे उगवलं ते वाढलं, जे वठलं ते उभ्यानेच राहिलं, आणि जे पडलं ते पडल्या जागी हळूहळू माती होत गेलं. उंच धावडे, त्यांच्या खाली करवंदीच्या जाळ्या, झाडाझाडांतून लोंबणारे मनगटाएवढे वेल, ओढ्याकाठी उंबर, आडव्या खोडांवर पावसाळ्यात उगवून सुकलेल्या अळंब्या. एकाच जातीचा पणजोबा आणि पणतू तिथे शेजारी शेजारी उभे असतात. आणि मधोमध एक कडुलिंब, अर्धा हिरवा आणि अर्धा वठलेला, चौघांच्या कवेत न मावणारा.

नियम असा पक्का, पण त्याला एक भोक होतं. बनातून काही बाहेर न्यायचं नाही, एवढंच वाडवडील सांगून गेले होते. बनात बाहेरून काही आणायचं नाही, असं कुणी म्हटलंच नव्हतं. त्यांच्या काळी सिमेंट कुठे होतं? त्याच भोकातून हनुमंतने वाळूच्या ट्रॉल्या आणि सिमेंटच्या गोण्या आत नेल्या.

पीटरने जीव ओतून काम केलं. सगळ्यात आधी लिंबाचा पार बांधला, कारण दगड त्याच्यावर बसायचा होता. खोडाला भिडेपर्यंत मुरूम भरला, वर फरशी बसवली, कडेला गोलाई अशी काढली की हात फिरवत राहावं. पाराच्या जागी आडवी पडलेली दोन जुनी खोडं होती, ती त्याने ढकलून बाजूला केली. खालून किडे, गोमा, एक जाडजूड बेडूक असं बरंच काही पळालं. "काय घान साठलीय," असं म्हणून त्याने वर झाडू फिरवला. मग काळा दगड आला. वरती हनुमंतरावांचं नाव, त्याखाली कमिटीची, आणि सगळ्यात खाली, बोटभर उंचीच्या अक्षरांत, त्याचं. तो दगड त्याने स्वतः ओळंब्यात बसवला आणि कृपाला बनात आणून दाखवला.

कृपाने पदराने दगड पुसला. "सापडलं बाई एकदाचं," ती म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. पीटर लगेच फरशीचा सांधा बघायला वाकला.

त्यानंतर त्याने ढोल्यांकडे मोर्चा वळवला. शिडी लावायची, ढोलीतली पिसं, गवत, सालपटं ओढून काढायची, आत विटांचे तुकडे कोंबायचे आणि वरून गिलावा करायचा. एका ढोलीतून पिंगळ्याची जोडी उडाली आणि समोरच्या फांदीवर जाऊन बसली. पुढचे कितीतरी दिवस ती जोडी तिथूनच पीटरकडे डोळे वटारून बघायची. "दोन सुपरवायझर ठेवलेत मुकादमानं," असं तो मजुरांना सांगायचा आणि सगळे हसायचे.

लिंबाची ढोली त्याने शेवटी ठेवली होती. जत्रा आठवड्यावर आली होती. शिडी लावून पीटर वर चढला, आणि ढोलीसमोर येऊन थबकला. ढोली आधीच बुजवलेली होती.

त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. खाली उतरून त्याने हनुमंतला फोन लावला. "मुकादम, दुसरा मिस्तरी घालायचा हुता तर मला सांगायचं तरी!"

"कोन दुसरा?"

"लिंबाची ढोली कुनी बुजवली?"

"मला काय म्हाईत? तुमीच बुजवली आसंल, इसरला आसाल."

पीटर आपलं काम विसरेल? त्याने सरळ पाथर्डीच्या गोरक्षनाथला फोन लावला. गोरक्षनाथ मिस्तरी म्हणजे त्याचा जुना स्पर्धक. एकमेकांच्या भिंतींवरून जाताना दोघंही मान वळवून खोड काढतात.

"गोरख, बनात येऊन गेल्तास का?"

"मी? आरं, मी हितं तिसगावला स्लॅबवर हाय. का रं?"

"कुनीतरी मातीचा गिलावा करून गेलंय. हात बरा हाय. पर मधी उभी फट तशीच सोडली."

"फट सोडली? मंग तर मी न्हाईच," गोरक्षनाथ म्हणाला. हे पीटरला मनातून पटलं. गोरक्षनाथ काहीही करेल, पण फट सोडणार नाही.

आता ज्या झाडाच्या पारावर आपलं नाव आहे, त्याच झाडावर कुणाचं तरी अर्धवट काम राहू द्यायचं? पीटरने घमेल्यात माल कालवला आणि परत वर चढला. जवळून पाहिलं तर गिलावा चांगला घोटलेला होता, दगडासारखा टणक, कडा ढोलीच्या लाकडाशी एकजीव. फट तेवढी होती, दोन बोटांची. पीटरने थापीवर माल घेतला आणि फटीवर नेला. तेवढ्यात आतून एक चोच बाहेर आली आणि तिने थापी धरली.

ओढाताण झाली. पीटरच्या हातून थापी सुटली, घमेलं पाराच्या नव्या फरशीवर उपडं झालं, आणि तो शिडीला मिठी मारून "देवबाप्पा!" म्हणून ओरडला. वरच्या फांदीवरून दुसरा एक पक्षी घारीसारखा किंचाळत होता. राखाडी रंग, लांब शेपूट, वाकडी मोठी चोच, आणि चोचीवर छोटंसं शिंग.

पीटर खाली उतरला. मजुरांना त्याने जेवायला पाठवलं आणि स्वतः बाजूला ढकललेल्या खोडावर बसून राहिला. बराच वेळ गेला. वरचा पक्षी उडून ओढ्याकडे गेला, परत आला, ढोलीच्या कडेला लटकला आणि पिकलेलं उंबर फटीत धरलं. आतल्या चोचीने ते घेतलं. त्याने गळ्यातून दुसरं काढलं, मग तिसरं. सगळी शिदोरी संपली तेव्हा परत ओढ्याकडे गेला. पीटर तोंड उघडं टाकून बघत होता. गिलावा आतून होता! मिस्तरी आत होता आणि फट चोचीच्या मापाची होती.

तेवढ्यात वनरक्षक रुपाली तिथे आली. बाळंतपणाच्या रजेवर होती, आजच कामावर रुजू झाली होती, आणि बनातले पार बघून तिचा चेहरा उतरला होता.

"काका, हे कुणी बांधलं?" तिने विचारलं. कडेच्या दगडावर उत्तर होतंच, तिने ते वाचलं, पीटरच्या सिमेंटने माखलेल्या हातांकडे पाहिलं आणि जरा नरमली.

"म्याडम, आधी ते सांगा," पीटर वर बोट दाखवत म्हणाला. "त्ये काय हाय?"

"धनेश. मादी आत बसते. नर चिखल आणून देतो, ती स्वतःची विष्ठा मिसळून दार लिंपून घेते. अंडी, पिल्लं, सगळं आतच. तिची पिसंही गळतात, त्यामुळे उडता येत नाही. नराने आणलं तरच ती जेवते."

"आन् त्यानं न्हाई आनलं तर?"

"तर ती आत मरते. खाली माणसं असली, गोंगाट असला, की तो जवळ येत नाही."

पीटरने पाराकडे पाहिलं. जत्रेचा डीजे याच पारावर लागणार होता, चार दिवस. आणि आपण ती फट बुजवायला निघालो होतो! मग एकदम त्याला पिंगळ्याची जोडी आठवली.

"म्याडम, मी बुजवलेल्या ढोल्या..."

"ढोली काही एका वर्षात होत नाही, काका," रुपाली म्हणाली. ती रागावली नव्हती, त्यामुळे त्याला जास्तच वाईट वाटलं. "झाड म्हातारं व्हावं लागतं, फांदी मोडावी लागते, मग बुरशी, सुतार पक्षी, किडे, सगळे मिळून शंभर वर्षांत एक खोली तयार करतात. वनखात्याने डोंगरावर लावलेली झाडं बघा, सगळी एका वयाची, एका उंचीची. तिथे पिंगळ्याला भाड्यानेही जागा मिळत नाही. लोक ज्याला घाण म्हणतात, त्या पडलेल्या खोडांवर या बनाचं पोट चालतं."

"आन् पार?"

ती जपून बोलली. दगडावरचं नाव तिने वाचलं होतं. "खोडाला मुरूम लागला की साल सडते. वरून पाणी मुरत नाही. लगेच काही होणार नाही, पण हे झाड आता मोजक्या वर्षांचं."

पीटर घरी गेला आणि न जेवता बसला. त्याने कृपाला सगळं सांगितलं. कृपाने मिशनच्या दवाखान्यात बाळंतिणींच्या वॉर्डात आया म्हणून आयुष्य काढलं आहे. तिने सगळं ऐकून घेतलं आणि भाकरी ताटात टाकली.

"बाळंतीन हाय ती," ती म्हणाली. "येवढं साधं हाय. बाळंतिनीच्या खोलीपुढं कुनी गोंधळ घालतं का? उद्या मी येते तुमच्यासंगं."

दुसऱ्या दिवशी देवळासमोर कमिटी बसली होती. पीटरने डीजे बनाबाहेरच्या माळावर लावा म्हणून सांगितलं, तर हनुमंत उसळला. "पाखराच्या पायी? डीजे पारावरच लागनार. त्याच्यासाठीच तर पार बांधला! मिस्तरी, तुमचं नाव घातलं ना? मंग आता गप ऱ्हावा."

नाव घातलं म्हणताच पीटरला तोंड उघडेना. मागे बायका पाणी भरायला आल्या होत्या. कृपा त्यांच्यात जाऊन उभी राहिली आणि तिथूनच, सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलली.

"मुकादम, तुमची सटवाई पाचवीच्या रातीला लेकराच्या कपाळी नशीब ल्ह्यायला येती ना? मी तुमच्यातली न्हाई, पर मला बी ठावं हाय. मंग तिच्या बनात बाळंतीन बसलीया. दार लावून बसलीया बिचारी. तिच्या उशाशी तुमी डीजे लावनार?"

माणसं काही बोलायच्या आत बायकांनीच कळशा खाली ठेवल्या. सगळ्यात पुढे गोजरबाई, हनुमंतची आई. तिने लेकाकडे अशी नजर टाकली, की टोळीच्या शंभर माणसांना हाकणारा मुकादम टोपी काढून डोकं खाजवायला लागला.

"आये, मला काय म्हाईत बाळंतीन हाय म्हनून," तो पुटपुटला.

"आता म्हाईत झालं ना?" गोजरबाई म्हणाली.

जत्रा माळावर भरली. पाळणा तिथे, रेवड्यांची दुकानं तिथे, डीजेही तिथेच, आणि त्याचं तोंड दुसऱ्या डोंगराकडे. बनात फक्त लेकरं घेऊन आलेल्या आया गेल्या, त्याही हळू आवाजात. नर धनेशाने आधी लांबून अंदाज घेतला, मग उंबरांच्या खेपा पुन्हा सुरू केल्या. अडचण वेगळीच झाली. बायकांनी लिंबाखाली डिंकाचे लाडू आणि खारका आणून ठेवायला सुरुवात केली. "म्याडम, उंबरावर कसं भागंल तिचं?" असं त्या रुपालीला विचारायच्या. मुंग्यांची चंगळ झाली. शेवटी गोजरबाईनेच बनाच्या वाटेवर उभं राहून नवा नियम सांगायला सुरुवात केली. न्यायचं तर काही नाहीच, आणि आणायचंही काही नाही. तिने तो असा ठणकावून सांगितला, की पोरांना तो पणजीच्या काळापासूनचाच वाटायला लागला आहे.

पीटर मधल्या काळात रोज संध्याकाळी बनात यायचा. दुसरीकडची कामं उरकून, कपड्यांवर सिमेंट तसंच घेऊन. बुजवलेल्या ढोल्या त्याने छिन्नीने हळूहळू मोकळ्या केल्या, लिंबापासून लांबच्या आधी. आपलाच गिलावा फोडताना त्याला कळलं की तो किती घट्ट बसला होता, आणि त्याचा त्याला आनंदही झाला आणि लाजही वाटली. ढकललेली खोडं त्याने परत सावलीत नीट टेकवली. पिंगळ्याची जोडी परत आली, ते पाहिलं तेव्हा त्याचा जीव भांड्यात पडला. तो चक्क टोपी काढून त्यांना "चुकलं" म्हणाला. आजूबाजूला कुणी नाही हे आधी बघून.

बाकीच्या झाडांचे पार त्याने उकलले होते, लिंबाच्या पाराला मात्र हात लावला नव्हता. बाळंतीण बाहेर येईपर्यंत तिथे हातोडा चालणार नाही, असं तो सगळ्यांना सांगायचा. ते खरं होतं. पण कृपाला माहीत होतं की त्यात दुसरंही काही खरं होतं. तो दगडासमोरून जाताना अजूनही शेवटची ओळ वाचायचा.

मृगाच्या तोंडाशी एका सकाळी रुपालीचा फोन आला. "काका, लवकर या." पीटर आणि कृपा पोचले तेव्हा ढोलीच्या गिलाव्याला आतून ठोके पडत होते. टक, टक. एक ढलपा उडाला. मग दुसरा. तीन महिने जिने जीव मुठीत धरून ते दार सांभाळलं, तीच ते फोडत होती, आणि हात आखडता घेत नव्हती. अखेर ती बाहेर आली. मळकी, अंग आकसलेलं, शेपटीचं एक पीस वाकडं. ढोलीच्या काठावर बसली, पंख झाडले आणि समोरच्या धावड्यावर अशी धडपडत जाऊन बसली, की कृपाने टाळी वाजवली आणि लगेच तोंडावर हात धरला. मग एक पिल्लू आलं, मग त्याच्या मागून बराच वेळ विचार करून दुसरं. संध्याकाळपर्यंत ढोली रिकामी झाली आणि खाली वाळलेल्या गिलाव्याचे तुकडे तेवढे पडले.

पीटरने त्यातला एक तुकडा उचलला, बोटांनी चोळून बघितला, आणि परत तिथेच ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो घण घेऊन लिंबाच्या पारावर चढला. बातमी लागताच हनुमंत मुकादम धापा टाकत आला. आता त्याला धनेशाचं कौतुक होतं, पिल्लांचे फोटो त्याने सगळ्या टोळ्यांना पाठवले होते, पण हे त्याला बघवेना.

"आवं मिस्तरी, थांबा! मजूर बोलवू, त्येंच्याकडनं फोडून घिऊ. तुमी कशाला? तुमचं नाव हाय त्याच्यावर!"

"व्हय," पीटर म्हणाला. "माझं नाव हाय, म्हनून तर मीच फोडनार. दुसऱ्या कुनाला हात लावू देनार न्हाई."

कृपा खाली उभी होती. तिने पदर खोचला आणि पहिलं घमेलं उचलायला पुढे झाली.